कासारीण उंबऱ्यावर बसली होती

हे लिहायला लाज वाटते, आणि वाटावीच. सुनेला जुळं होतं, सातवा महिना. एका बाळाच्या पिशवीत पाणी फार वाढलंय, त्याच्या दाबानं गर्भाशयाचं तोंड आखूड होतंय, पडून राहा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मी मात्र तिचं मोठं पोट आल्यागेल्याला कौतुकानं दाखवत होते. आमच्याकडे ज्येष्ठा-कनिष्ठा दोन गौरी येतात, आमची माणसं झाशीला आली तेव्हापासून. पोटात दोन असलेल्या सुनेनंच यंदा दोघींना आत आणायचं, हा हट्ट माझा. "आम्ही काय पोरं जन्माला घातली नाहीत?" असंही तिला म्हटलं. तिनं गौरी आणल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "आई, पोट सारखं ताणतंय." मी पुरण वाटत होते. "नैवेद्य होऊ दे, मग नीज," म्हटलं. मुलगा रेल्वेत ड्यूटीवर. तेवढ्यात कधी न पाहिलेली एक कासारीण दारात आली. सोवळं होतं, म्हणून आत पाऊल टाकू नकोस असं सांगून तिला उंबऱ्याबाहेर बसवलं. सुनेला चार बांगड्या भरल्या नाहीत तोच ती थांबली. "बाई साब, इनको पेट घरी-घरी पथरा हो रओ. अबईं अस्पताल लै जाओ." हात लावून पाहिलं, तर पोट खरंच घडोघडी दगडासारखं होत होतं. रिक्षा तिनंच पळत जाऊन आणली. "घर हम देखत हैं," म्हणाली.

इस्पितळात सुईनं पाणी काढलं, पोट सैल पडलं, कळा थांबल्या. गर्भाशयाचं तोंड उघडू लागलं होतं, उशीर झाला असता तर दोन्ही बाळं हातची गेली असती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सुनेला तिथंच ठेवून घेतलं. संध्याकाळी मुलगा तिच्याजवळ आल्यावर मी घरी परतले, तर कासारीण उंबऱ्याबाहेरच बसलेली. आत समई तेल संपून विझली होती. "तेल चुक गओ तो," ती म्हणाली, "पर तुमने भीतर आबे की मना करी ती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हाताला धरून तिला आत आणलं, तिच्या हातून समई लावली, आणि गौरींच्या शेजारी बसवून जेवू घातलं.

पुढं सहा आठवड्यांनी दोन मुली झाल्या. कासारीण परत दिसली नाही. ती कोण, यावर मी बोलत नाही. देवीला काय हवं ते मलाच कळतं, हा माझा ताठा होता. तो त्या उंबऱ्यावर सुटला. आता गौरींच्या दिवशीसुद्धा सून दमले म्हणाली, की मी हातातलं पुरण खाली ठेवते.