वळणाखालचा आवाज

रविवारी सकाळी घाटातल्या चहाच्या टपरीवर दोन बाइकवाले जुन्या घडणीची गाडी बरी की नव्या, यावर तावातावाने वाद घालत होते. पिकल्या मिशांचे काका म्हणाले, "गाडीला गोल दिवाच शोभतो. तुझ्या गाडीचं तोंड चिडलेल्या गांधीलमाशीसारखं दिसतं!"

शेजारचा तरुण हसला. "काका, तुमची गाडी वारा छातीवर घेते. माझी कापत जाते."

इतक्यात खालच्या वळणावरून एका बाइकचा आवाज चढत आला. दोघांच्या माना एकदम तिकडे वळल्या. चहा हातातच राहिला. शेजारच्या बाकावर चहा घेत बसलेल्या मला गाड्यांमधलं ओ की ठो कळत नाही; पण एकाच आवाजाला कान देणारी माणसं फार वेळ भांडणार नाहीत, असं वाटून गेलं.

गाडी झपकन समोरून गेली.

"काय वळण घेतलं!" दोघं एकदमच म्हणाले.

ती गाडी जुन्या घडणीची होती की नव्या, हा विषय कुणीच काढला नाही.