थंड हातांचं सूप

मुईकुनच्या चुलीवर रोज दोन पातेली चढत. मोठ्यात नवऱ्याचं सूप, म्हणजे डुकराची हाडं, चामडीसकट कोंबडी, आलं, सुकवलेली लाल बोरं, सगळं सकाळपासून मंद आचेवर. लहानात तिचं स्वतःचं कोहळ्या-जवाचं पाणी. लग्न झालं तेव्हा शुंदे गावातल्या म्हाताऱ्या वैद्याने दोघांची नाडी आणि जीभ बघून सांगितलं होतं की नवऱ्याची प्रकृती थंड, त्याला उष्ण आणि पौष्टिक घाला. बाईची कफाची, ओलाव्याची, तिला चरबी म्हणजे विष. झालं. वैद्य कधीच वर गेला, पातेली मात्र दोनची दोनच राहिली.

आणि वैद्याचं चुकलं म्हणायची सोय तरी कुठे होती? तिचा नवरा सेकहुंग मासळीबाजारात गाळा चालवायचा. अगदी काडीपैलवान. लग्नात त्याचा हात धरला तेव्हा मुईकुनच्या अंगावर काटा आला होता, इतका गार. ती स्वतः मात्र वाऱ्यावर फुगणारी. गल्लीतल्या बायका म्हणत, सूप तो पितो आणि अंगी तुझ्या लागतं. ती हसायची आणि त्याच्या वाडग्यात आणखी एक तंगडी टाकायची. त्याचा मोठा भाऊही असाच किडकिडीत. त्याच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून तर तिने कोंबडी वाढवलीच. अशक्त माणसालाच वारं धरतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मग वस्तीच्या दवाखान्यात म्हाताऱ्यांची फुकट तपासणी झाली आणि सगळंच उलटंपालटं झालं. तिचं रक्त स्वच्छ. त्याच्या रक्तात चरबी, तीही भरपूर. डॉक्टर तांग म्हणजे तिच्या धाकट्या मुलीच्या वयाची पोरगी. मुईकुनने तिला समजुतीने सांगितलं की नळ्यांची अदलाबदल झालीय, होतं असं कधीकधी. पोरीने वाद न घालता पुन्हा रक्त घेतलं. पुन्हा तेच.

मुईकुनचं डोकं गरगरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं, तर यात चोर कोण आणि संन्यासी कोण? जन्मभर जवाचं पाणी पिऊन ती जाड ती जाडच, आणि चरबी निघाली या सापळ्यात! डॉक्टर म्हणाली, अंगकाठीवरून रक्तातलं कळत नाही. कुणाला ते जन्मतःच असतं, वर खाण्याने भर पडते. आणि प्रकृतीसुद्धा बदलते, म्हणून वैद्यांचे ते जुने प्रश्न आम्हीही नव्याने विचारतो. गोळ्या लिहून देऊन तिने प्रश्न सुरू केले. थंडी फार वाजते का? वाजते, मुईकुन म्हणाली. हात गार पडतात? बर्फ.

"काकू, त्यांना बोलू द्या."

सेकहुंगने बायकोकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "नाही वाजत," तो म्हणाला. "कधीच नाही वाजली."

मग तिची पाळी आली. तेलकट खाल्ल्यावर जड वाटतं का?

"खाल्लंच नाही कधी," मुईकुन म्हणाली. "मला काय माहीत?"

परतताना ती घराच्या कोपऱ्याशी थांबली. भावासारखा हाही आडवा झाला तर?

"मी माझ्या हातानं तुला विष घातलं का रे?"

"सूप चांगलं असायचं."

"थंडी वाजत नाही, एवढं बोलायला काय धाड भरली होती?"

"तू सकाळपासून चुलीपुढे असायचीस," तो म्हणाला. "कसं सांगू?"

संध्याकाळी ती चुलीपुढे नुसतीच उभी राहिली. कुठलं पातेलं काढावं, कुणासाठी काय शिजवावं, काही सुचेना. सेकहुंग आत आला आणि कोहळा घेऊन सोलायला बसला. मासे सफाईने कापणारा तो माणूस, पण सालीबरोबर अर्धा कोहळा घालवत होता. दे इकडे, म्हणत तिने सुरी ओढली, आणि त्याचा हात तिच्या हातात आला.

ऊबदार होता.

तिने दुसराही धरून पाहिला. तोही.

"हे कधीपासून?"

"काय?"

"हात."

त्याने विचार केला. "गाळा सोडल्यापासून असतील. आता माशांच्या हौदाच्या गार पाण्यात कुठे असतात?"

गाळा सोडला तेव्हा नात रांगत होती. आता ती कॉलेजात जाते. एवढ्या वर्षांत मुईकुनने रोज या हातांत वाडगा दिला होता, हात मात्र एकदाही धरला नव्हता. तिने तो सोडला नाही.

"भूक लागलीय," सेकहुंग म्हणाला.

"लागू दे," ती म्हणाली.