चालू ठेवलेली गाडी

गॅरेजात त्याला सगळे चुळबुळ्या म्हणायचे. नाव ठेवलं होतं त्याच्या दाजींनीच, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, आणि गॅरेजही त्यांचंच. पन्नाशी उलटलेल्या ड्रायव्हरला हे नाव शोभत नाही हे मान्य, पण हा गडी पाच मिनिटं एका जागी टेकलेला कोणी पाहिलेला नव्हता. चहा उभ्याने, पेपर उभ्याने, फोनवर बोलताना तर येरझाऱ्याच. बायको म्हणायची, "झोपेतसुद्धा पाय हलतात तुमचे. क्लच दाबता की काय?"

हे असं पूर्वी नव्हतं. वीस वर्षं तो एकाच साहेबांकडे होता, आणि त्यातली पहिली सोळा वर्षं गाडीत डुलक्या काढणारा सुखी माणूस होता. चार वर्षांपूर्वी एका सकाळी साहेब न्हाणीघरात कोसळले. बाईंनी, म्हणजे साहेबांच्या बायकोने, वरून हाक मारली, याने धावत जाऊन किल्ली फिरवली, आणि गाडीने नुसतं टक् केलं. रात्री गाडीच्या आतला दिवा चालू राहिला होता, बॅटरी उतरली होती. दिवा बंद करायचं काम याचं. शेजाऱ्यांची गाडी मिळेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. साहेब वाचले, पण उजवं अंग गेलं आणि बोलणं तुटक झालं. त्याला कोणी बोल लावला नाही. तेच वाईट झालं. कोणी चार शिव्या घातल्या असत्या तर तो तिथेच रडून मोकळा झाला असता.

तेव्हापासून त्याने साहेब किंवा बाई बाहेर असताना गाडी बंद करणं सोडलं. बंदच केली नाही, तर चालू होईल की नाही ही भानगडच उरत नाही, असा त्याचा सरळ हिशोब. आठवड्यातून तीनदा साहेबांना व्यायामाच्या दवाखान्यात न्यायचं, तिथे दीड-दीड तास बाहेर इंजिन घरघरत ठेवायचं आणि स्वतः गाडीभोवती फिरायचं. बँकेपाशी तेच, बाईंच्या मैत्रिणीकडे तेच. बाईंनी एकदा विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "छे हो, बंद करतो की. तुम्ही येताना दिसलात की चालू करतो."

दाजींपुढे मात्र ही थाप चालली नाही. त्यांनी प्लग काढून त्याच्या नाकाखाली धरला. काळाकुट्ट.

"उभ्या उभ्या किती वेळ चालू ठेवतोस रे?"

"कुठे दाजी, थोडा वेळ."

"मला शिकवू नकोस. गाडी पळाली की इंजिन नीट तापतं. उभी ठेवलीस की पेट्रोल अर्धवट जळतं, काजळी धरते, उरलेलं ऑईलमध्ये उतरतं. ऑईल बघ, पाण्यासारखं झालंय. वर एसीही चालू ठेवतोस, मग बॅटरी कुठून भरणार? ज्या भीतीने चालू ठेवतोस ना, तेच एक दिवस करशील."

हे शेवटचं वाक्य त्याला झोंबलं. त्याने दोन दिवस प्रयत्न केला. दवाखान्याबाहेर गाडी बंद केली, आणि चार मिनिटांत हात किल्लीकडे गेला. पुन्हा चालू केली. बरं वाटलं.

वर्षभरात गाडी धापा टाकायला लागली. सिग्नलला थरथरायची, चढावर मान टाकायची, मागून धूर. दाजींनी इंजिन उघडलं आणि सांगितलं, आतून झिजलंय, मोठं काम आहे. बाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी मीटर पाहिला.

"एवढीशी फिरलेली गाडी, आणि इंजिन झिजलं? दाजींनी ऑईल तरी बदललं का कधी?"

मीटर फक्त चाकं मोजतो, उभ्याचं काही मोजत नाही, हे दाजी सांगू शकले असते. पण मेहुण्याची नोकरी जाईल म्हणून ते मूग गिळून बसले. चुळबुळ्याला हे समजत होतं.

त्या आठवड्यात दवाखान्यातून बाहेर पडताना बाई म्हणाल्या, "आपल्या इमारतीतल्या बाकीच्यांनाही मी सांगणार आहे. त्यांच्याही गाड्या दाजींकडेच जातात ना? लोकांना कळायला हवं."

साहेब काठी धरून गाडीच्या दाराशी उभे होते. इंजिन चालूच होतं, आणि आख्खी गाडी थरथरत होती. तीस वर्षांत दाजींच्या कामाकडे कोणी बोट दाखवलं नव्हतं.

"बाई, नका सांगू," तो म्हणाला. "दाजींचा दोष नाही. मी खोटं बोललो तुमच्याशी. मी गाडी बंदच करत नाही. चार वर्षं झाली. त्या दिवशी ती चालू झाली नाही ना... दिवा मीच विसरलो होतो, बाई. पंचवीस मिनिटं माझ्यामुळे गेली. साहेबांचा हात माझ्यामुळे गेला. मला नोकरीवरून काढा, पण दाजींना काही बोलू नका."

बोलले ते साहेब. एकेक शब्द ओढून काढत.

"नाही. हात... पहाटेच. बधिर."

"काय?" बाईंनी विचारलं.

"पहाटेपासून. तोंडही... वाकडं. आरशात. सांगितलं नाही." साहेब थांबले. "वाटलं... जाईल."

"पहाटे?" बाईंचा आवाज चिरकला. "मी उठवायला आले, तेव्हा तुम्ही म्हणालात, झोपू दे अजून. तीन तास, अहो! तीन तास!"



चुळबुळ्याला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्याला राग आला, वीस वर्षांत पहिल्यांदा, साहेबांचा राग. पंचवीस मिनिटं छातीवर घेऊन त्याने चार वर्षं काढली होती, गाडीची वाट लावली होती, दाजींना मान खाली घालायला लावली होती, आणि हा माणूस सगळं माहीत असून मागच्या सीटवर बसून ते इंजिन ऐकत होता.

बाई फुटपाथच्या कडेला बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडू लागल्या. साहेब एकटेच दाराशी काठीवर झुलत होते. पडले असते.

चुळबुळ्याने त्यांना काखेत हात घालून धरलं, सीटवर बसवलं, आणि त्यांचा उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला. हळूच, दुखू नये अशा बेताने. मग रागाने दार आपटलं.