गिअरचा घागरा

लग्नाला पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते, तेव्हा बाबांनी माझ्या नवऱ्याच्या हातात पाना दिला. चौदा-पंधराचा, दुतोंडी, त्यांच्या स्वतःच्या पेटीतला. माझ्या हातात त्यांनी सव्वीस वर्षांत फक्त बॅटरी दिली होती. स्कूटरचा प्लग काढायचा असो की मिक्सरची मोटर उघडायची असो, हाक यायची, "अगं, बॅटरी धर." मी धरायची. "नीट धर. माझ्या डोळ्यात नको." एवढाच काय तो आमचा संवाद.

बाबा हडपसरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं आली आणि टूलरूमच्या जुन्या माणसांना एक नारळ, एक शाल आणि स्वेच्छानिवृत्तीचा कागद मिळाला. मला डिप्लोमाला मेकॅनिकल घ्यायचं होतं. "तेलकट हात घेऊन कुठे जाणार आहेस?" असं विचारून त्यांनी मला कॉम्प्युटरला घातलं. मी सॉफ्टवेअर टेस्टर झाले, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. बाबांना ते काम नीटसं कळलं नाही. "स्वभावाला धरून आहे," एवढंच म्हणाले.

नवराही आयटीतलाच. स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की सैल होतो हे त्याला लग्नानंतर बाबांनी शिकवलं. आम्ही हडपसरच्या पुढे, मांजरी गावात नवा फ्लॅट घेतला होता, बाल्कनीतून ऊस दिसणारा, आणि एक सेकंडहँड गाडी. दर रविवारी सकाळी ती गाडी घेऊन हडपसरला माहेरी जायचो. माहेर माझं, पण वाट त्याची बघितली जायची. गाडी दारात थांबायच्या आत बाबा पेटी घेऊन अंगणात.

गाडीचा गिअर बदलताना हात फार लांबवर न्यावा लागतो, अशी नवऱ्याची तक्रार होती. अमेरिकेहून परतलेल्या त्याच्या मित्राने एक शॉर्ट शिफ्टर आणून दिला, म्हणजे मूळच्यापेक्षा आखूड असा गिअरचा दांडा. आमच्या गाडीला तो सरळ बसेना. बाबांचा चेहरा निवृत्तीनंतर पहिल्यांदा उजळलेला मी तेव्हा पाहिला. ओळखीच्या शेडमधल्या लेथवर त्यांनी त्याच्यासाठी बुश, म्हणजे दांडा बसवायचं धातूचं नळकांडं, बनवून आणला आणि दोन रविवार गाडीखाली आडवं पडून दांडा बसवला. शेजारी जावईबापू आडवे. मी उकिडवी, बॅटरी घेऊन.

दांडा आखूड झाला, पण त्याच्याभोवतीचं चामड्याचं आवरण जुनंच राहिलं. त्याला बूट म्हणतात. बाबा घागरा म्हणायचे, कारण खाली घेर आणि वर चुण्या. तो आता लांब व्हायला लागला आणि गळ्याशी ढगळ. गाडी थोडी चालली की घसरून खाली बसायचा, आणि दांड्याभोवतीच्या भोकातून आवाज, धूळ, गरम वारा सगळं आत. नवऱ्याने त्याला रबरबँड लावला. "रबरबँड पुडीला लावतात," बाबा म्हणाले.

"मी शिवते की नवीन," मी म्हटलं. आईच्या मशीनवर मी घरातले सगळे पडदे शिवले होते.

"हे पडद्याचं काम नाही," असं म्हणून बाबा जावयाला स्कूटरवर मागे बसवून कसबा पेठेत गेले. तिथल्या एका गल्लीत त्यांच्या माहितीचा चामड्याच्या पिशव्या शिवणारा कारागीर होता. दोघं दोन वाजता परत आले ते नवा घागरा घेऊन आणि मिसळ खाऊन. मला बाबांनी मिसळ खायला कधी नेलं नव्हतं. मला हेवा वाटला, सरळच सांगते. मिसळीवरून नवऱ्यावर जळणारी बायको पुण्यात मी एकटीच असेन.

"अगं, जावयाचे लाड नको का करायला?" आई म्हणाली.

"लेकीचे संपले का?" मी विचारलं. आईने पोळी वाढली.

जेवणं झाल्यावर घागरा बसवायचा कार्यक्रम. बाबांनी आधी दांड्याची मूठ काढली, दांड्याच्या मानेला जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, म्हणजे वरचा बंद घसरणार नाही. मग घागरा उलटा केला, आतली बाजू बाहेर, आणि तसाच उलटा दांड्यावर चढवला, घेर वर आणि गळा खाली. गळ्याभोवती नायलॉनचा टाय, म्हणजे ओढला की एकेक दात अडकत आवळणारी पट्टी. टाय आवळला की घेर खाली ओढून प्लॅस्टिकच्या चौकटीत दाबून बसवायचा, म्हणजे चामडं सुलटं होतं आणि टाय आत लपतो. बाहेरून बघणाऱ्याला बांधलंय कशाने ते दिसतच नाही.

"आधी रिव्हर्स टाका," बाबा म्हणाले. "घेर ताणला गेला तर गिअर मागे खेचेल."

नवऱ्याने रिव्हर्स टाकला, घेर पुरतोय याची खात्री केली आणि टाय ओढायला लागला. त्याला अंदाज येईना. तेव्हा बाबांनी त्याच्या हातावर आपला हात ठेवला. "डोळ्यांनी नाही कळत. हाताला कळलं पाहिजे. हं, आणखी एक दात. बास." दोघांच्या हातांनी मिळून शेवटचा दात ओढला. त्या दोन हातांवर माझ्या बॅटरीचा उजेड. माझ्या आठवणीत बाबांनी असा माझा हात धरला होता तो रस्ता ओलांडताना, तिसरी-चौथीत असेन. मी बॅटरी खिडकीकडे वळवली.

"उजेड," बाबा म्हणाले.

बुधवारी मला सुट्टी होती. नवरा कंपनीच्या बसने गेलेला, गाडी खाली पार्किंगमध्ये. मी किल्ली आणि पर्समधलं नेलकटर घेऊन खाली गेले. घागऱ्याची खालची चौकट कशी उचकटायची, आत बोट कुठून घालायचं, मला सगळं ठाऊक होतं. बॅटरी धरणाऱ्याला सगळं दिसत असतं. टाय तुटायला नेलकटरचे तीन चावे लागले. टायचा तुकडा आत तसाच राहू दिला, चौकट दाबून बसवली आणि वर येऊन चहा केला. शेवटचा दात नवऱ्याने ओढला होता ना? आता बाबा म्हणणार, जावईबापूंचा हात कच्चा. मला तेवढंच ऐकायचं होतं.

गुरुवारी घागरा घसरला. नवऱ्याने बाबांना फोन लावला. "बाबा, टाय सुटला वाटतं. सॉरी हं, माझ्याकडूनच काहीतरी झालं असणार." पलीकडून बाबा बराच वेळ बोलत होते. फोन ठेवल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, तुमचं काही चुकलं नाही. हात मी धरला होता, ओढलं मीच."

शुक्रवारी आईचा फोन आला. बाबा कालपासून धड जेवले नव्हते. खुर्चीत बसून आपल्याच तळहातांकडे बघत होते. "कारखानावाल्यांचं बरोबरच होतं," असं तिला म्हणाले होते, "हातात काही राहिलं नाही आता."

मला नवऱ्याचा हात कच्चा ठरवायचा होता आणि मी बाबांचा ठरवला होता. तेव्हाच फोन करून सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? सव्वीस वर्षांची घोडी, नवऱ्याचा मत्सर वाटला म्हणून नेलकटर घेऊन पार्किंगमध्ये गेले?

रविवारी बाबांनी पेटी बाहेर काढली खरी, पण पाय ओढत. नवऱ्याने चौकट उचकटली. बाबांनी आत बोटं घातली आणि टायचा तुकडा बाहेर काढला. मी बॅटरी धरलेली होती, त्यामुळे त्यांना तो स्वच्छ दिसला. कापल्या जागी तीन अर्धगोल. त्यांनी अंगठा त्यावरून दोनदा फिरवून बघितला. आणि मग त्यांचे खांदे खाली आले, तीन दिवस धरलेलं ओझं खाली ठेवल्यासारखे. तुकडा त्यांनी खिशात टाकला.

"जावईबापू, जरा आत चहाचं सांगता?"

नवरा आत गेला.

"नेलकटर?" बाबांनी विचारलं.

मी मान हलवली. रडू येत होतं, पण ते बाबांना चाललं नसतं.

"कटर पेटीत वरच्या कप्प्यात असतो. कापायचं तर नीट कापावं."

मग त्यांनी माझ्या हातातली बॅटरी काढून घेतली आणि नवा टाय माझ्यासमोर धरला. मी रिव्हर्स टाकला, घागरा उलटा चढवला, टाय ओवला, ओढला. हाताला कळेपर्यंत ओढला. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला नाही, कारण गरज पडली नाही. शेपूट कटरने कापलं, घेर खाली ओढला, मूठ फिरवून बसवली.

नवरा चहा घेऊन आला. त्याने दांडा पाचही गिअरमधून फिरवून बघितला. "वा! बाबा, तुमच्या हाताची सर कुणाला नाही."

मी बाबांकडे बघितलं. बाबा बशीत चहा ओतत होते. "हं," म्हणाले.

फक्त हं! ते माझं नाव घेऊ शकत नव्हते, हे मला समजत होतं. घेतलं असतं तर टाय तुटला कसा, हेही सांगावं लागलं असतं. समजत होतं, तरी आठवडाभर मी धुमसत राहिले. नवरा येता-जाता त्या घागऱ्यावरून हात फिरवायचा, ऑफिसातल्या मित्रांना खाली नेऊन दाखवायचा, आणि मी माझ्याच कामाचं कौतुक बाबांच्या नावावर ऐकत बसायची. आता तर मला बाबांचाही हेवा वाटू लागला होता.

पुढच्या रविवारी गाडीचा हॉर्न वाजत नव्हता. बाबांनी बॉनेट उघडलं, पेटी उघडली. मी सवयीने बॅटरी उचलली. बाबांनी ती माझ्या हातातून घेतली आणि जावयाच्या हातात दिली. पेटीतून पाना काढला, तो माझ्याकडे केला.

नवरा एकदा बॅटरीकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला.

"नीट धरा," बाबा त्याला म्हणाले. "तिच्या डोळ्यात नको."