वकीलसाहेबांचा राजीनाम्यानंतरचा रविवार
ओल्या मेथीचा वास आला की मला इथला, परदेशातला अवोन्डेलचा रविवारचा बाजार आठवतो, आणि आमचे वकीलसाहेब. पुण्याहून आलेले हे गृहस्थ माउंट रॉस्किल उपनगरातल्या, भारतातून नुकत्याच आलेल्या आम्हा नवख्यांचे व्हिसाचे अर्ज रात्रंदिवस तपासून द्यायचे. ते नगरसेवकपदाला उभे राहिले तेव्हा आम्ही घरोघरी पत्रकं वाटली आणि ते निवडूनही आले. पुढे एका मित्राच्या इमारतीला परवानगी देण्याच्या बाजूने मत देताना त्यांनी ती मैत्री लपवली, हे उघड झालं आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यानंतरच्या रविवारी ते पिशवी घेऊन एकटेच बाजारात आले. एरवी हात मिळवायला धावणारी आमची माणसं बाजूला सरकली. मीही जुड्या निवडायच्या निमित्ताने मान खाली घातली. तरी ते माझ्याजवळ थांबले. "काय रे, पीआरचं पत्र आलं का?" "आलं, साहेब," मी वर न बघताच म्हणालो; कायमच्या वास्तव्याचा माझा तो अर्ज त्यांनीच तपासून दिला होता. "छान झालं. आईला आधी कळव हं," एवढं बोलून ते पुढे गेले. महिन्याभरात त्यांनी घर विकलं आणि ते पामर्स्टन नॉर्थ या दूरच्या गावी राहायला गेले. मी कामानिमित्त आजही तिकडे जातो, त्यांच्या गल्लीतून गाडी हळू नेतो. दार वाजवायचं धाडस मात्र अजून झालेलं नाही.