पहारेकऱ्याची चौकी

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. पाठीवर भलीमोठी सॅक घेतलेल्या, लातूरकडच्या एका निवृत्त बाईंना मी दिवसभर स्कूटरवरून घोडबंदरचा किल्ला, पालीचं चर्च, चौकचा किल्ला असं फिरवलं. प्रत्येक पडक्या भिंतीपाशी त्या चपला काढायच्या, दगडाला हात लावायच्या, मग वहीत लिहायच्या. मला इतिहासातलं शून्य कळतं. पण पिढ्यान्‌पिढ्या इथला, म्हणून बिनधास्त ठोकून देत होतो.

परतताना आमच्या जुन्या मिठागरापाशी त्यांनी स्कूटर थांबवायला लावली. "भाऊ, हे काय?"

तो मजुरांचा पडका संडास. बाईंपुढे तो शब्द तोंडातून निघेना. म्हणालो, "पहारेकऱ्याची चौकी. पोर्तुगीजांच्या काळातली."

बाईंनी चपला काढल्या.

"बाई, आत नका जाऊ, साप असतील."

"असू द्या की! दर शनिवारी शाळेतल्या लेकरांना गोष्टी सांगते मी. तुमी इथले, तुमी खोटं कशाला सांगताल?"

आत भिंतीला हात लावून त्यांनी डोळे मिटले.

मी नावही विचारलं नाही. त्या लेकरांना मी एक वाक्य देणं लागतो: तो संडास होता, आणि माझ्या आजोबांनी बांधला होता.