टरबुजाच्या लायनीतली गार्ड

माजी भाची स्वप्नाली पाच फूट दोन इंच. बास्केटबॉल म्हणलं की लोकायला ताडावानी माणसं आठवत्यात, म्हणून पारावरच्या रिकामटेकड्यायनी मला लई छळलं. "बंकट, तुजी भाची चुकून जाळीतच जाऊन बसंल की बे!" मी म्हणायचो, बोंबला तुमी. पोरगी पुण्याच्या टीमकडून पगारावर खेळती, अन् तुमी अजून पारावरच!

ती गार्ड हाय. म्हंजी चेंडू आपटत पुढं न्यायचा, आपलं कोण मोकळं हाय ते हेरायचं अन् त्याच्या हातात द्यायचा. बास्केट दुसरीच टाकती, टाळ्या तिलाच, पेपरात नावबी तिचंच. ह्याच्यावरून माजं डोकं फिरायचं. "आगं, हातातलं दुसरीला कावून देतीस? टाक की सोता!" तर ही नुसती हसायची.

ही सवय तिला आमच्या रानातच लागली. आमचं रान माजलगावच्या धरणाच्या पाण्यावर. उन्हाळ्यात टरबुजं निघाली की टेम्पोपतुर माणसायची लायन लागायची. एकानं फेकायचं, दुसऱ्यानं झेलायचं. स्वप्नालीच्या पुढं तिची आई उभी राहायची, माजी थोरली बहीण मुक्ताआक्का. ही भवानी मागून येणाऱ्या टरबुजाकडं बघायची अन् हातातलं न बघता आईकडं फेकायची! आक्का वरडायची, "बघून टाक गं, फुटलं म्हंजी?" पर एकबी फुटलं न्हाई. आईचे हात कुठं हायेत ते पोरीला ठावं असायचं.

अंबाजोगाईला कॉलेजात गेली, तिथल्या सरायनी तिला टीममधी घेतलं. मग विद्यापीठाची टीम, मग पुणं. आक्का मातर एकबी मॅच बघायला गेली न्हाई. "पडली-झडली तर मला बघवायचं न्हाई," म्हणायची. अन् झालंबी तसंच. मागल्या साली गुडघा गेला, ऑपरेशन झालं. पोरगी वर्षभर घरी. रोज कॅनॉलच्या कडंनं आधी लंगडत, मग पळत. आक्का दारातून बघायची, पर 'बास कर' म्हणली न्हाई.

औंदा परत बोलावणं आलं. कोच म्हणले, "फायनलला तुला उतरवतो. गुडघा टिकला तर पुढच्या सिझनचा करार. न्हाई तर मोकळी." त्या दिवशी आक्का आपणहून म्हणली, "बंकट, चल पुण्याला." मी तर उडालोच!

काय ती मॅच, बाप रे! स्वप्नाली उतरली अन् आक्कानं माजं मनगट धरलं, ते सोडायलाच तयार न्हाई. पोरगी सुसाट. एकदा आपटली, आक्कानं डोळे मिटले. उठली! गुडघा झटकला, परत पळाली. मी वरडून वरडून घसा बसवला. पार शेवटाला आमी एका पॉइंटानं मागं, घड्याळात सात सेकंद, चेंडू स्वप्नालीच्या हातात. दोघीजणी तिच्या अंगावर आल्या, तिसरी पुढं. मी बाकड्यावर चढून बोंबललो, "आता तरी सोता टाक गं माजे बाय!"

तिनं मान डावीकडं केली. सगळं मैदान डावीकडं बघाया लागलं. अन् चेंडू गेला उजवीकडं, न बघता! तिथं आम्रपाली नावाची तिची जोडीदारीण मोकळी उभी. तिनं झेलला, उचलला, जाळीत!

शिट्टी वाजली. जिंकलो! लोकायनी आम्रपालीला खांद्यावर घेतलं, घेऊ द्या. कोच तिकडं न जाता पळत आले ते स्वप्नालीकडं. तिची पाठ थोपटून येवढ्या मोठ्यानं वरडले की वरपतुर ऐकू आलं, "पुढच्या सालीबी तूच!" माज्या डोळ्यातून घळाघळा पाणी. आक्काला मिठी मारावी म्हणून वळलो.

माजं मनगट तिनं कवाच सोडलेलं. उभी होती, दोन्ही हात पुढं, पंजे उघडे, पाय घट्ट रोवलेले. मी हलवलं तवा भानावर आली अन् आपल्याच हातायकडं बघत राहिली.

"मला वाटलं," आक्का म्हणली, "माज्याकडंच टाकलं."